मत्स्योदरी दिसली नाही

जालन्याला विमान येतं असं त्या काळी बाहेरगावी कुणाला सांगितलं, की माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "उतरतं कुठं, मोंढ्याच्या बाजारात?" हसू देत बापडे. येत होतं. पुण्याहून आठवड्यातून तीनदा, अठरा माणसांचं, दोन पंख्यांचं, आतून एसटीपेक्षाही अरुंद असं एक विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर येऊन उतरायचं. ते चालवायचे कॅप्टन जगन्नाथ परतूरकर, आणि ते सुरू व्हावं म्हणून कंपनीच्या साहेबांचे उंबरे झिजवले तेही त्यांनीच. माणूस मूळचा जालन्याचा. उभा जन्म मोठी विमानं उडवली, मुंबईत फ्लॅट घेतला, पण जीव इकडंच. निवृत्ती तोंडावर आली असताना मोठं विमान सोडून ते या चिमुकल्यावर आले, तेव्हा बरोबरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं.

त्यांच्या उजव्या हाताला, सहवैमानिकाच्या जागेवर, अरुंधती बसायची. तीही जालन्याचीच. तिचे वडील भालचंद्र अंकुशनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट, आणि परतूरकरांचे शाळेपासूनचे दोस्त. पोरीनं पायलट व्हायचं म्हटल्यावर घरात रणकंदन माजलं होतं. आई रमाबाईंनी अबोला धरला, वडिलांनी "डोकं फिरलंय" म्हणून विषय मिटवला. तेव्हा परतूरकर मुंबईहून मुद्दाम आले, दिवसभर ओसरीवर ठाण मांडून बसले आणि दोघांचा होकार घेऊनच उठले. असा माणूस नुसता कॅप्टन कसा राहील? तो काकाच. अरुंधती प्रत्येक उड्डाणाआधी विमानाच्या शिडीपाशी वाकून त्यांच्या पाया पडायची. मेकॅनिक लोक हसायचे. काका लटकंच रागवायचे आणि डोक्यावर हात ठेवायचे. पोरीनं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि याचा दोघांनाही अभिमान होता. त्या दिवशी हाच अभिमान सगळ्यांच्या जिवावर उठला.

आता जालन्याची ती धावपट्टी म्हणजे नुसती डांबराची पट्टी. विमानाला वाट दाखवणारं एकही यंत्र नाही. एक खोली, एक वायरलेस आणि कारभारी नावाचा एक माणूस. शेळ्या हाकलणं, वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी धुरकांडं टांगणं आणि वायरलेसवर बोलणं, ही तिन्ही खाती त्याच्याकडे. मग वाट सापडायची कशी? ती काकांनी स्वतः बसवली होती. गोदावरीच्या काठाकाठानं यायचं. अंकुशनगरच्या कारखान्याचा धूर दिसला, की त्याच्यावर जाऊन डावीकडे, उत्तरेला वळायचं. थोड्याच वेळात अंबड येतं. अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे, त्याच्या पायऱ्या वरून लख्ख दिसतात. देवी दिसली की काका उजवा हात कपाळाला लावायचे, अरुंधती दोन्ही हात जोडायची, आणि मग विमान निर्धास्त खाली आणायचं, कारण तिथून जालन्यापर्यंत आडवं येणारं काही नाही. धूर, देवी, जालना. नकाशात न बसणारी, पण हिवाळाभर बिनचूक चाललेली वाट.

नव्वद सालच्या एप्रिलमधली ती दुपार. त्या महिन्यात धुळीमुळं दोनदा विमान जालन्यावरून परत फिरलं होतं. कंपनीचे एक साहेब आज पहिल्या रांगेत येऊन बसले होते. त्यांनी पुण्याला निघतानाच हसत हसत सांगून टाकलं होतं, "परतूरकर, आज तिसऱ्यांदा फिरलात तर जालना बंद." काकाही हसले होते. पण अरुंधतीला त्यांचं हसू ओळखता येत होतं, आणि हे त्यातलं नव्हतं.

तिच्या मनात वेगळीच धांदल होती. आदल्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला होता. "काल कारखान्याचा पट्टा पडला बघ," ते म्हणाले होते. म्हणजे उसाचा हंगाम संपला, गाळप बंद. "आता मी बिलकुल मोकळा. उद्या तुझ्या आईला घेऊन धावपट्टीवर येऊन राह्यलो. कारभाऱ्याला दोन खुर्च्या टाकायला सांगितल्या." हंगामात केमिस्टाला सुट्टी कुठली? म्हणून तिनं विमान उतरवलेलं आईवडिलांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं. पोरगी इतकी हरखली, की रात्रभर तिच्या डोळ्यांपुढं त्या दोन खुर्च्याच होत्या. पट्टा पडला म्हणजे धुराडं विझलं, ही साधी गोष्ट काही तिच्या डोक्यात शिरली नाही. फोनवर घरची खुशाली ऐकावी तशी तिनं ती बातमी ऐकली आणि सोडून दिली.

पैठण मागं टाकलं आणि आभाळानं रंग बदलला. उत्तरेकडं काळंनिळं काहीतरी उभं होतं, आणि त्याच्या पोटात विजा चमकत होत्या. अवकाळीचे दिवस. विमान एकदा असं खाली बसलं, की मागं एक बाई किंचाळली. काका ढगांच्या खाली राहण्यासाठी उतरत गेले. खाली गढूळ उजेड होता. औरंगाबादच्या विमानतळाची दिशा दाखवणारी सुई वीज चमकली की तिकडंच तोंड फिरवत होती, तेव्हा तिच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता.

"आला बघ आपला धूर!" काका म्हणाले.

पुढं, नदीच्या अलीकडच्या अंगाला, जाडजूड काळा धूर वाऱ्यानं वाकून वर चढत होता. काकांनी विमान त्याच्यावर नेलं आणि डावीकडे वळवलं.

आणि तेव्हा कुठं अरुंधतीला कालचा फोन आठवला. पट्टा पडलाय ना? मग हा धूर कसला?

मग तिनंच स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. गाळप थांबलं तरी उरलेला रस आटवायला बॉयलर दोन दिवस चालतात, बाबाच सांगायचे. शिवाय काका काय आज येऊन राह्यलेत? त्यांना माहीत असणारच. आपण काय सांगायचं त्यांना? वास्तविक तो धूर पाचटाचा होता. ऊस तुटून गेल्यावर कुणीतरी शेतात राहिलेलं पाचट पेटवून दिलं होतं, आणि ते शेत कारखान्याच्या किती तरी अलीकडं होतं. पण हे कळायला धुराकडं बघायला हवं होतं, आणि ती बघत होती काकांच्या तोंडाकडं.

"काका, धूर आज जरा लवकरच आला का?" ती म्हणाली.

आता हे काय बोलणं झालं? सून सासऱ्याला भाजीत मीठ नाही हे असंच सांगते. सासऱ्याला ते ऐकू येत नाही, आणि काकांनाही आलं नाही.

"मागून वारा आहे ना," ते म्हणाले. "आज जल्दी पोचवतो बघ साहेबाला."

पावसाची एक सर काचेवर आडवी फुटली. वायपर नुसते इकडून तिकडं पाणी ढकलत होते. काकांनी घड्याळ पाहिलं. एरवी एवढ्या वेळात अंबड यायचं. अरुंधतीनं कपाळ काचेला टेकवून खाली पाहिलं. टेकडी नाही, देऊळ नाही, गाव नाही. पांढऱ्या पाण्याआड नांगरलेली तपकिरी रानं तेवढी सरकत होती.

"देवी दिसली नाही, काका."

"खाली असेल की. पावसात बसलीय आज." आणि त्यांनी सवयीनं उजवा हात कपाळाला लावला.

अरुंधतीनंही हात जोडले. न दिसलेल्या देवीला दोघांनी नमस्कार केला, आणि नमस्कार झाला म्हणजे अंबड मागं पडलं असं धरून काकांनी विमान खाली आणायला घेतलं. शिकलेली, शहाणी, हजारो तास हवेत काढलेली दोन माणसं! पुन्हा पुन्हा एखादी गोष्ट करत आलं की हात आपोआप वर जातात, आणि हात गेले की मनही गप्प बसतं. अरुंधतीचं मात्र गप्प बसलं नाही. ते आतून धडका मारत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. चूक निघाली तर? साहेब मागं बसलेत. काकांना सगळ्यांदेखत खोटं पाडायचं? ज्यांनी आपल्याला या खुर्चीत बसवलं त्यांना?

काकांनी वायरलेस उचलला. "कारभारी, आम्ही आलोच. दिसतोय का?"

खरखर झाली, मग कारभाऱ्याचा आवाज आला. "न्हाई साहेब. हिकडं आजून उघडं हाय. पार अंबडाच्या बाजूचं दिसून राह्यलं. पन तुमी न्हाई दिसत, आन् आवाज बी न्हाई."

"वारा उलटा असेल. कान उघडे ठेव."

"कान उघडेच हायेत साहेब," कारभारी म्हणाला. "भालचंद्र साहेब बी आलेत, त्यान्ला बी आवाज न्हाई येऊन राह्यला."

बाबा आले होते. बाबा खुर्चीत बसून आभाळाकडं कान लावून होते, आणि त्यांना विमान ऐकू येत नव्हतं, कारण विमान तिथं नव्हतंच. अंबडच्या पश्चिमेला रोहिलागडाकडं डोंगर आहेत. मोठे नाहीत, पण पावसातून खाली उतरणाऱ्या विमानाला किती मोठा डोंगर लागतो? अरुंधतीला एकदम सगळं लख्ख कळलं. धूर लवकर आला. देवी आली नाही. आवाज पोचत नाही. आणि पट्टा पडलाय.

पावसाचा पडदा मधोमध फाटला. समोर काचभर उतार उभा होता. ओली तांबडी माती, खडक, आणि अंग चोरून उभ्या असलेल्या मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर दिसावी इतक्या जवळ.

"काका, पट्टा पडलाय!" ती किंचाळली. "परवाच पडलाय! तो धूर आपला न्हाई! वर घ्या, वर!"

युनिफॉर्म घातल्यावर 'नाही' म्हणणाऱ्या पोरीच्या तोंडून घरचं 'न्हाई' बाहेर पडलं. ती ओरडून थांबायच्या आत तिचा हात काकांच्या हातावर पडला होता, आणि दोघांच्या हाताखाली इंजिनांचे दांडे पार पुढं गेले होते. इंजिनं गुरासारखी हंबरली. काकांनी नाक वर ओढलं, विमान थरथरायला लागलं, मागं कुणीतरी देवाचा धावा करत होतं, कुणाची तरी बॅग गडगडत शेपटाकडं गेली. उतार काचेच्या खालच्या कडेला सरकत गेला, एक झुडूप चाकांच्या खाली नाहीसं झालं, आणि मग सगळं पांढरं झालं. ढग. अरुंधतीला वाटलं, आपण गेलोच. पण विमान चढत राहिलं.

काकांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, आणि ते जास्तच कठीण गेलं तिला.

"उजवीकडं घेऊ?" त्यांनी विचारलं. आजवर ते सांगत आले होते, विचारलं पहिल्यांदाच.

"घ्या. आधी आणखी वर, मग पूर्वेला," ती म्हणाली. "देवी दिसल्याशिवाय खाली यायचं नाही."

पूर्वेला खरंच उघडं होतं. ढगांच्या भोकातून अंबड दिसलं, टेकडी दिसली, देवळाच्या पायऱ्या दिसल्या. या वेळी नमस्कार कुणीच केला नाही. दोघांचेही हात गुंतलेले होते.

"विमान मी उतरवतो," काका म्हणाले. "तू पट्टी बघ आणि बोलत राहा. गप्प बसू नकोस."

जालना नजरेत आलं तेव्हा ते काळंनिळं गावाच्या दुसऱ्या टोकाला येऊन ठेपलं होतं. आता नुसती शर्यत होती. "साहेब, जल्दी करा!" कारभारी ओरडत होता. "वावटळ उठलीय! धुरकांडं दांडीवर ऱ्हाईना!"

काकांनी चाकं सोडली. वारा आडवा मारत होता. विमान तिरकं, खेकड्यासारखं पट्टीकडं सरकत होतं. अरुंधती बोलत राहिली. उंची सांगितली, वेग सांगितला. वेग कमी झाला ते सांगितलं, काकांनी लगेच दांडे पुढं केले. डावीकडं वाहत चाललोय सांगितलं, त्यांनी सावरलं. पट्टी समोर होती, पूर्ण दिसत होती. खोली दिसली. खोलीच्या भिंतीला चिकटून उभी असलेली दोन माणसं दिसली. एकानं छत्री धरली होती, ती उलटी झाली होती, आणि दुसऱ्या आकृतीचा हिरवा पदर सपसप उडत होता. आईची ठेवणीतली साडी. अरुंधतीनं बोलणं थांबवलं नाही.

आणि गारा आल्या. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज झाला. पट्टीचं पलीकडचं टोक गेलं, मग निम्मी पट्टी गेली, मग खोली, मग खुर्च्या.

"दिसेल आत्ता," काका पुटपुटले. "जरासं. आत्ता दिसेल."

खाली जालना होतं. त्यांनी उंबरे झिजवून आणलेलं विमान होतं, मागं साहेब होता, तिसरी खेप होती. अरुंधतीला हे सगळं ठाऊक होतं. तिचे आईबाप या गारांच्या आत कुठंतरी उभे होते, हेही ठाऊक होतं.

"वर!" ती म्हणाली. ती या वेळी किंचाळली नाही, पण मोठ्यानं म्हणाली, आणि पुढं काका हा शब्दही लावला नाही.

तिचा शब्द पुरता व्हायच्या आत त्यांनी दांडे पुढं सारले. विमान पट्टीवरून, खोलीवरून, आईच्या पदरावरून गरजत वर गेलं.

विमान त्यांनी औरंगाबादला नेलं, तिथं वादळ येऊन गेलं होतं. स्वच्छ ऊन होतं, धावपट्टीवर पाणी चमकत होतं, आणि विमान इतकं शहाण्यासारखं उतरलं, की एवढं सगळं झालं हे कुणाला खरंही वाटू नये. प्रवासी एकेक करून उतरले. एक म्हातारा उतरल्या उतरल्या डांबरावरच बसला. साहेबांनी काकांचा हात हातात घेतला. "जीव वाचवलात," ते म्हणाले. "पण परतूरकर, जालन्याचं आता विसरा." काकांनी मान हलवली. घालायला वादही उरला नव्हता.

दिवेलागणीच्या सुमाराला भालचंद्र आणि रमाबाई एसटीनं येऊन पोचले. दोघांचे कपडे अंगावरच वाळले होते. वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, गारांनी पार चेपलेला. आईनं पोरीच्या तोंडावरून, हातावरून, पाठीवरून हात फिरवला आणि मग रडायला सुरुवात केली. विमानतळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून काकांनी दोस्ताला सगळं सांगितलं. आपला धूर चुकला हे सांगितलं, न दिसलेल्या देवीला हात जोडले हे सांगितलं, आणि पोरगी कशी ओरडली तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

भालचंद्रांनी सगळं ऐकलं, आणि त्यांच्या मनात बरोबर एकच गोष्ट रुतून बसली.

"तू काकांवर ओरडलीस?" ते पोरीकडं वळले. "अगं, यांच्यामुळं तू आहेस इथं. मोठ्या माणसाशी असं बोलतात? पाया पड आधी. माफी माग."

अरुंधती उठली आणि वाकली. काकांनी पाय मागं घेतले.

"भालचंद्र, तू गप रे," ते म्हणाले. मग तिच्याकडं बघून हळूच विचारलं, "धूर बघितला तेव्हाच तुला कळलं होतं ना, पट्टा पडलाय म्हणून?"

तिनं होकाराची मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मंग ओरडल्याची कशाला मागतीस? उशीर केलास, त्याची माग."

"चुकलं, काका," ती म्हणाली. "धूर दिसला तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.